नांदेड ते किल्लारी: टर्बोच्या मागच्या सीटवर आई

या ब्लॉगवर आजवर मी घाट, किल्ले, समुद्रकिनारे आणि मिसळीची ठिकाणं यांवर भरपूर बडबड केली आहे. सासूला माहेरी नेण्याच्या प्रवासावर लिहायची वेळ येईल असं काही वाटलं नव्हतं. मी कोल्हापूरची, राहायला पुण्यात. आमच्याकडे बाई माहेरी जाते म्हणजे एसटीत बसते आणि जाते. त्यात लिहिण्यासारखं काय असणार? पण माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर माहेरी गेलेल्याच नव्हत्या. माहेर किल्लारी, सासर नांदेड. मध्ये जेमतेम चार तासांचा रस्ता.

दरवर्षी भाऊबीजेला किल्लारीचे गजामामा, म्हणजे आईंचे धाकटे भाऊ, शेंगा आणि ज्वारीचं पीठ घेऊन नांदेडला यायचे. यंदा पावसाळ्यात ते गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, डॉक्टर रोज चाला म्हणाले, तरी मामा पलंग सोडेनात. फोनवर एवढंच बोलले, "अक्का, यंदा तूच ये." आई म्हणाल्या, "बघू." आमच्या घरात आईंच्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. नाही, म्हणजे नाही.

भूकंप झाला तेव्हा आई गणपतीसाठी माहेरीच होत्या, दहा वर्षांच्या महेशला घेऊन. महेश म्हणजे माझा नवरा. विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट. त्यात आईंची आई आणि धाकटी बहीण गेली. लग्न ठरताना मला हे सांगितलं गेलं आणि पुढे त्या घरात यावर कुणी बोललं नाही. मला रोज दिसायचं ते वेगळंच. आईंना उभ्या गाडीची थरथर सहन व्हायची नाही. चालती गाडी चालायची. थांबलेली गाडी खालून हलायला लागली की त्या दार उघडून उतरत. सिग्नलला रिक्षातून उतरून चौक पायी ओलांडणारी आणि पलीकडे त्याच रिक्षाची वाट बघणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. रेल्वेचं वावडं नव्हतं. "रेल्वे थांबली की थांबती," म्हणायच्या. त्यामुळे मुदखेडला उतरून नातेवाइकांकडे जाणं काय आणि पुण्याला आमच्याकडे येणं काय, सगळं रेल्वेनं. किल्लारीला रेल्वे जात नाही, ही त्यांच्या दृष्टीनं मोठी सोय होती.

आणि अशा बाईच्या नवऱ्यानं शौक कसला करावा? डिझेल टर्बोचा! माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी, एका साखर कारखान्याच्या चेअरमनची जुनी जर्मन गाडी घेतली होती. लांबलचक, बदामी रंगाची, डिकीवर चकचकीत अक्षरांत टर्बो लिहिलेली. नांदेडच्या आमच्या गल्लीत अप्पांना आडनावानं कुणी ओळखत नाही, 'टर्बोवाले' म्हणतात. पळायला लागली की तिच्या टर्बोची बारीक शिट्टी ऐकू यायची आणि अप्पा दहा वर्षांनी तरुण दिसायचे. पण थांबली की अशी हलायची की आरशात मागची म्हैस दोन दिसायची. आई तिच्यात एकदाच बसल्या. मांडीवरच्या डब्याचं झाकण वाजायला लागलं, तशा उतरल्या आणि चालत घरी गेल्या.

मागच्या वर्षी अप्पांनी कुणालाही न विचारता त्या गाडीचं इंजिन काढायला दिलं. आम्हाला फोनवर कळलं. ज्या गाडीला अप्पा दुसऱ्याला हात लावू देत नाहीत, तिचं काळीज काढून तिथं विजेची मोटर बसवायची? का, विचारलं तर म्हणाले, "तिच्यात एक माणूस बसायचं राहिलंय."

मोटर बसवायच्या किटला मंजुरी, आरटीओत इंधनाचा रकाना बदलून घेणं, यात वर्ष गेलं. गाडी तयार झाली ती नेमकी मामांचा फोन आल्यावर. आम्ही दिवाळीला पुण्याहून नांदेडला पोचलो, आणि प्रवास इथून सुरू होतो.

नांदेड

देगलूर नाक्याच्या बाजूला गॅरेजांची एक लांब रांग आहे. त्यात सलीमभाईंचं गॅरेज. त्यांच्या वडिलांपासून टर्बो इथंच यायची. सलीमभाईंनी बोनेट उघडलं आणि मला धक्काच बसला. जिथं काळंकुट्ट, तेलानं माखलेलं धूड असायचं तिथं एक चांदीच्या रंगाची पेटी, केशरी केबल आणि चक्क मोकळी जागा. खाली जमीन दिसत होती! बॅटरी अर्धी पुढं, अर्धी डिकीत, तोल सांभाळायला. मागच्या स्प्रिंगा नव्या, ब्रेक नवे, एसी नवा. डॅशबोर्ड मात्र जसाच्या तसा: तेच लाकूड, तेच गोल खटके, तापमानाच्या काट्यावर आता बॅटरी किती उरली ते दिसतं. परदेशात याला रेस्टोमॉड म्हणतात म्हणे. रूप जुनं ठेवायचं आणि आतली यंत्रणा आजची बसवायची. जुनं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली होतं. भंगारात द्यायला सलीमभाईच तयार नाहीत.

"भाभी, अंदर का सब नया," सलीमभाई मला म्हणाले, "चेहरा तेवढा अप्पांचा जुनाच ठेवला."

वाचकांपैकी ज्यांच्या शेडमध्ये अशी एखादी म्हातारी उभी असेल, त्यांच्यासाठी: आधी मंजुरीचे कागद, मग पाना. एकदा चार्ज केली की दोनशे किलोमीटर आरामात जाते. खर्च मला विचारू नका, अप्पांनी आम्हालाही सांगितलेला नाही. नवी छोटी गाडी दारात आली असती, एवढं सलीमभाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

अप्पांनी आठवडाभर आधी चक्कर मारून पाहिली होती. पळण्याबद्दल तक्रार नव्हती. पण तेव्हा ते सलीमभाईंना म्हणाले होते, "पळती झकास रे, पण थांबली की मेल्यावानी वाटती." सलीमभाईंनी ते मनावर घेतलं, हे आम्हाला फार उशिरा समजलं. किल्ली देताना ते हसून एवढंच बोलले, "अप्पा, एक नजराणा रखा हूं गाडीत. बोलणार न्हाई मी. तुमाला रस्त्यात आपोआप सापडंल." डॅशबोर्डच्या कप्प्यात अत्तराची कुपी सापडली. हाच नजराणा, असं धरून आम्ही निघालो.

महेशनं गाडी घरासमोर आणली. आई बाहेर आल्या त्या काठोकाठ पाण्याचा पेला घेऊन. कुणाशी न बोलता त्यांनी तो मागच्या सीटवर ठेवला आणि दारात उभ्या राहिल्या.

"हां, चालू करा आता."

"चालूच हाय," अप्पा म्हणाले.

आईंनी वाकून पाहिलं. पाणी हललं नव्हतं. त्यांनी सीटला हात लावला, मग दाराला, मग पुन्हा सीटला. सगळी गल्ली बघत होती. आईंनी पेला उचलला, पाणी पिऊन टाकलं, पेला माझ्या हातात दिला आणि आत बसल्या. अप्पा तोंड फिरवून उगाच टायर बघायला लागले.

रस्ता

पहिल्या दिवशी महेश गाडी चालवत होता, अप्पा पुढं, आई आणि मी मागं. लोह्यापर्यंत गाडी सुसाट, पुढं मधूनमधून रस्त्याची कामं. सोयाबीनची रास झालेली, त्यामुळे रस्त्याच्या कडेला वाळवण आणि त्याच्या राखणीला दगड, गाडी जपून. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. अहमदपूरला सुशीला खाल्ली. आमच्याकडच्या वाचकांनी घाबरू नये, मराठवाड्यात सुशीला हा नाश्ता आहे: भिजवलेले चुरमुरे, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट. प्लेट तीस रुपयांना आणि पोट दुपारपर्यंत गप्प. आईंनी सोबत धपाटे आणि दही आणलंच होतं, तेही संपलं.

आष्टामोडला चहाला थांबलो आणि निघताना गंमत झाली. गाडीचा आवाज नाही, बोनेट जुन्या काळचं, वर अप्पांसारखा म्हातारा माणूस पुढच्या सीटवर. टपरीवरच्या तिघांना वाटलं गाडी बंद पडली. आम्ही काही बोलायच्या आत तिघं धावत आले आणि ढकलायला लागले.

"मारा धक्का! दादा, गिअर टाका की!"

"अहो, चालू हाय, चालू हाय!" अप्पा खिडकीतून ओरडत होते.

"चालू आसती तर आवाज नसता का आला?" एकजण त्यांनाच समजावत होता.

महेशनं हळूच पेडल दाबलं. गाडी त्यांच्या हातातून सुळकन निघून गेली आणि तिघं रिकामे हात पुढं करून रस्त्यात उभे राहिले. आई पदर तोंडाला लावून चाकूरच्या दिशेनं वळून वळून बघत हसत होत्या. त्यांना गाडीत बसून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. जमलं बहुतेक, असं मला वाटून गेलं.

लातूर

आमची लेक ईश्वरी लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. भाऊबीजेचा एक दिवस तिला कसाबसा सुटला होता, म्हणून वाटेत मुक्काम तिथंच. लातुरात शिरलं की आधी फलक अंगावर येतात. पोरांचे फोटो, त्याखाली मार्क, क्लासचं नाव पोराच्या नावाहून मोठं. मग मेसचे डबे लटकवलेल्या सायकली, अभ्यासिका, झेरॉक्स, परत मेस, परत अभ्यासिका. मी वर्षभरात तीनदा येऊन गेले तरी दर वेळी थक्क होते. एवढी मुलं एकाच गावात, आणि रस्त्यावर क्रिकेट खेळणारा एक नाही.

आई पहिल्यांदाच आल्या होत्या. ईश्वरीच्या वसतिगृहासमोर गाडी थांबली. आईंनी वर पाहिलं. चार मजले, गच्चीवर पत्र्याच्या आणखी खोल्या, खिडक्याखिडक्यांतून वाळत घातलेले कपडे.

"हिची खोली कोणची?"

"चौथ्या मजल्यावर," मी म्हटलं.

आईंचा चेहरा एकदम उतरला. "वर निजती? माझं लेकरू?"

त्या वर गेल्या नाहीत. वसतिगृह सांभाळणाऱ्या काकूंनी खाली प्लॅस्टिकची खुर्ची दिली आणि समजूत घातली, "आजी, काळजी करू नका. पिल्लर बघा की कसे हायेत. भूकंपानंतरची बिल्डिंग हाय ही."

"भूकंपानंतरची तर मी बी हाय, बाई," आई म्हणाल्या.

ईश्वरी उड्या मारत खाली आली तेव्हा आईंनी तिला जवळ घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो अभ्यासाचा नव्हता. "रात्री हललं तर कुठून पळशील? दाखव मला." ईश्वरी हसली, मग आजीचा चेहरा बघून हसायची थांबली आणि जिना, मागचा जिना, लोखंडी फाटक, सगळं खालूनच दाखवलं. फाटकाला कुलूप होतं. आईंनी काकूंना ते काढायला लावलं आणि काकूंनी खरंच काढलं.

मी तिथंच उभी होते आणि मला स्वतःच्या डोक्याचं नवल वाटत होतं. वर्षभरापूर्वी ही खोली मी निवडली होती. हवा चांगली येते, पाणी चोवीस तास, मेस शेजारी, एवढंच बघितलं होतं. महेश त्या वेळी वर येऊन दोन मिनिटांत खाली गेला होता, पार्किंग बघतो म्हणाला होता. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

ईश्वरीला घेऊन आम्ही औसा रोडला लॉजमध्ये राहिलो, अर्थात तळमजल्यावर. आई बरोबर असल्या की दुसरा मजला विचारायचाच नाही. तिथल्या आवारात चार्जिंगची सोय आहे, जेवून होईपर्यंत बरीच चार्ज होते. जेवायला निलंगा राईस, झणझणीत आणि पैसे वसूल.

किल्लारी

भाऊबीजेला सकाळी अप्पा नवा नेहरू शर्ट आणि टोपी घालून तयार. "आज मी चालवणार. जावई म्हणून जायलोय, पोराच्या शेजारी बसून न्हाई जायचं." महेश पुढच्या दुसऱ्या सीटवर सरकला. मागं आई, मध्ये ईश्वरी, कडेला मी. आईंच्या मांडीवर ओवाळणीचं स्टीलचं ताट होतं: निरांजन, सुपारी, कुंकवाची डबी, अक्षता, नारळ. वरून कापड बांधलेलं.

औसा गेलं, लामजना गेलं, आई बोलायच्या बंद झाल्या. ऊस दोन्ही बाजूंना डोक्याएवढा. अप्पांनी हळूच विचारलं, "जुन्या गावाकडनं न्यायची का?" तिथं आता स्मारक आहे. आई म्हणाल्या, "न्हाई. आधी गजा." त्यांनी ताट दोन्ही हातांनी धरलं होतं.

नवं किल्लारी बघून मी चकित झाले. मी मनात एक दुःखी गाव घेऊन गेले होते. इथं तर सरळ रुंद रस्ते, लिंबाची झाडं, बसकी बैठी घरं, दारात मोटरसायकली, सणाच्या रांगोळ्या. गावापेक्षा कॉलनीच म्हणा. दोन घरांत एवढं अंतर का, असं मी विचारणार होते, तेवढ्यात माझं मलाच समजलं.

मामांच्या फाटकासमोर अप्पांनी गाडी लावली. मामी दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभ्या. मामा आत पलंगावर. उठत नाहीत, मामींनी फोनवर आधीच सांगितलं होतं. आई ताट सावरत होत्या. त्या उतरतील का, आत छपराखाली जातील का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या जुन्या डिझेल गाड्यांत डॅशबोर्डवर एक छोटा गोल खटका असायचा. उभ्या गाडीचं इंजिन किती फिरायचं ते त्यानं कमीजास्त करत. अप्पांची सवय अशी, की गाडी थांबली रे थांबली की हात त्या खटक्यावर जायचा आणि ते तो थोडा फिरवायचे. नव्या गाडीत इंजिनच नाही, खटका नुसता शोभेला ठेवलाय, असं आम्ही समजून होतो. अप्पांनी सवयीनं तो फिरवला.

माझ्या खालची सीट थरारली. आधी आवाज आलाच नाही, नुसता खालून कापरा, हाडात शिरणारा. मग ते घरघरणं वाढलं, खिडकीच्या काचा झिणझिणल्या, आणि आईंच्या मांडीवरचं ताट वाजायला लागलं. डबी, सुपारी, निरांजन, सगळं स्टीलवर नाचायला लागलं.

मला काय झालं ते कळायच्या आत पुढचं दार उघडलं गेलं होतं. महेश बाहेर. तिथून त्यानं माझ्या बाजूचं दार उपटल्यासारखं उघडलं, माझ्यावरून वाकून ईश्वरीचा दंड पकडला आणि तिला ओढून थेट रस्त्याच्या मधोमध नेलं. "माय, भायेर! माय, भायेर ये!" तो ओरडत होता. अठरा वर्षं मी या माणसाशी संसार करतेय, पुण्यात कंपनीच्या मीटिंगा घेणारा माणूस. हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. तो मोठ्या माणसाचा आवाजच नव्हता.

आई दुसऱ्या दारानं उतरल्या होत्या, ताटासकट. मागं मी एकटीच बसलेली, तोंड उघडं. आणि समोर बघते तर गल्ली भरायला लागली होती. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. डावीकडच्या घरातून एक आजोबा अर्धी दाढी केलेले, समोरून एक बाई पिठाच्या हातांनी, पलीकडून नऊवारीतली म्हातारी अनवाणी. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. सगळे चटचट बाहेर येऊन भिंतींपासून दूर, रस्त्याच्या मध्यावर उभे राहत होते. ट्रॅक्टर इथं रोज जातात, त्याला कुणी बाहेर येत नाही. हा आवाज वेगळा होता, खालून येणारा. आणि चाळिशीच्या पुढचेच बाहेर होते. पोरंसोरं दारात मोबाईल धरून आपल्या आईबापांकडे बघत होती, त्यांना काही समजतच नव्हतं. मी त्यांच्यातलीच एक होते.

अप्पांचे हात स्टिअरिंगवर तसेच. त्यांनी किल्ली काढली होती तरी ते थांबत नव्हतं. चेहरा राखेसारखा झाला होता. "मी काय केलं," एवढंच पुटपुटत होते.

मग आई परत फिरल्या. त्यांनी ताट मामींच्या हातात दिलं, पुढच्या उघड्या दारातून आत वाकल्या आणि अप्पांच्या हातापलीकडचा खटका मागं फिरवला. थांबलं.

गल्लीत एवढी शांतता, की ताटातली एक सुपारी घरंगळून कडेला लागल्याचा आवाज मला आला.

आईंनी खटका पुन्हा फिरवला. थरथर सुरू झाली. त्या कापत होत्या, मला दिसत होतं. दुसरा हात दारावर गच्च. पण हटल्या नाहीत. मग मागं फिरवला. बंद. पुन्हा सुरू. पुन्हा बंद.

"बंद व्हतंय की वो," त्या अप्पांना म्हणाल्या. "बंद व्हतंय हे."

अप्पांना रडू फुटलं. टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली. "तुला कसं कळलं, खटका हाय मनून?"

"दारातून एवढी वर्षं काय बघून राहिले मी? थांबलाव की तेच फिरवताव."

तेवढ्यात मामी किंचाळल्या. सगळे वळलो. फाटकात मामा उभे होते. वॉकर नाही, काही नाही, एक हात भिंतीला. डॉक्टर, मुलं, मामी, कुणाच्यानं जो माणूस पलंगावरून उठला नव्हता तो आतल्या खोलीतून अंगणापर्यंत चालत आला होता, आणि आपण कसे आलो हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पाय लटलटत होते. महेशनं धावत जाऊन धरलं.

"अक्का, लागलं न्हाई ना तुला?" मामांनी विचारलं.

"न्हाई रे. गाडी व्हती."

"गाडी?" मामांनी टर्बोकडे बघितलं. मग अजून भिंतींपासून दूर उभ्या असलेल्या गल्लीकडे बघितलं. आणि त्यांना हसू आलं. आधी त्यांना, मग अर्ध्या दाढीवाल्या आजोबांना, मग सगळ्यांना. रडत रडत हसणं असतं तसं. पिठाचे हात झटकत समोरच्या बाई म्हणाल्या, "जावईबापू, लई वाजतगाजत आलाव!"

भाऊबीज अंगणातच झाली. पाट बाहेर आणला, मामांना खुर्चीवर बसवलं, गल्लीतले सगळे तिथंच थांबले. ज्योत वाऱ्यानं दोनदा विझली, दोनदा लावली. जेवणाच्या वेळी मामींनी आत पानं मांडली. आई उंबऱ्यापाशी थांबल्या, वर पत्र्याच्या छपराकडे बघितलं, आणि आत गेल्या. चारचौघी जातात तशा.

मी सलीमभाईंना फोन लावला, चांगलं फैलावर घ्यायला. त्यांनी सांगितलं. इंजिन काढायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिची धडधड रेकॉर्ड करून ठेवली होती. मागच्या सीटखाली दोन वुफर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर, सीटच्या सांगाड्याला बोल्टनं आवळलेले, वेगळी बॅटरी. थांबल्यावर मेल्यासारखी वाटते म्हणून थांबल्यावरच वाजेल असं, आणि खटका तोच, कारण अप्पांचा हात तिथंच जाणार हे त्यांना पक्कं माहीत. ज्याला अप्पा इतके ओळखीचे होते त्याच्याच हातून ही चूक होऊ शकत होती. मागं कोण बसायचं राहिलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी घडलेलं सांगितलं तसं ते आई कशा आहेत, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मला मग रागावता आलं नाही.

परत

येताना महेश मागं बसला, ईश्वरीच्या शेजारी. तिच्या दंडावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. औशापर्यंत तो ते बघत होता. मग त्यानं तिला त्या पहाटेबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि वसतिगृहाचं फाटक येईपर्यंत सांगत होता. मी पुढच्या सीटवर बसून ऐकलं. एकाच घरात राहून मला यातलं काहीही माहीत नव्हतं, याचा धक्का अजून ओसरलेला नाही. त्या महिन्यात ईश्वरीची खोली तळमजल्यावर बदलून घेतली. हवा कमी येते. चालेल.

हा रस्ता तुम्हीही करा. नांदेडहून सकाळी निघालात तर दुपारी किल्लारी, चार्जिंग लातूरलाच करून घ्या. स्मारकाजवळ फोटोसाठी घाई करू नका. आणि गावात कुणी भूकंपाचं आपणहून बोललं तरच ऐका, विचारू नका.

आम्ही नांदेडला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सलीमभाई पान्यांची पेटी घेऊन घरी आले. मान वर करत नव्हते. "माई, माफ करा. आत्ता काढून टाकतो सगळं," म्हणत त्यांनी मागचं दार उघडलं आणि सीट उचलायला वाकले. अप्पा पायरीवर बसून होते.

आई बाहेर आल्या, गाडीला वळसा घालून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"सलीम, राहू दे ते," त्या म्हणाल्या. "खटका तेवढा माझ्या बाजूला बसव."